दिवा लागून राहू द्या, मास्तर

राळेगावात शक्की उस्तादच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली की ‘काय झालं’ असं तो कधी विचारत नसे. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “कोनं पाठवलं?” कोणी पाठवलं नाही, मीच आलो, असं म्हटलं तर तो आणखी सावध व्हायचा. डोक्यावरची जाळीची टोपी मागे सरकवायचा, एकदा तुमच्याकडे आणि एकदा गाडीकडे पाहायचा आणि खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत म्हणायचा, “असंच कोन येते का?” गाडी बिघडली म्हणून माणूस मेकॅनिककडे येतो, एवढं कारण त्याला पुरत नसे. त्याच्यामागे आणखी काहीतरी असणार, ही त्याची खात्री.

त्याचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर नुसतं ‘मोटार गॅरेज’. नाव लिहिलं की कोणीही उठून ओळख सांगत येतो, असं त्याचं म्हणणं. गाव त्याला तोंडावर उस्ताद आणि पाठीमागे शक्की उस्ताद म्हणायचं, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही त्याला अर्थातच ठाऊक होतं. मी तिथल्या शाळेत शिकवत होतो, म्हणून मी मास्तर. गाडीत पेट्रोल आहे, असं मी शपथेवर सांगितलं तरी तो काटा पाहायचा, मग टाकीला बोटानं टकटक करून कान लावायचा. मला पहिल्या पहिल्यांदा राग यायचा. मग लक्षात आलं की तो स्वतःच्या काट्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाही, तिथे माझी काय कथा.

मी जुनी गाडी घ्यायची ठरवली तेव्हा त्याला सोबत घेऊन गेलो. पाहायला गेलो ती गाडी चकाचक होती. उस्तादनं किल्ली अर्धी फिरवली आणि डॅशबोर्डवर लागलेले दिवे बोटानं मोजायला लागला. किल्ली अर्धी फिरवली की सगळे दिवे लागतात आणि इंजिन सुरू झालं की विझतात, एवढं मलाही माहीत होतं. त्यानं दोनदा मोजले आणि विकणाऱ्याला विचारलं, “इंजिनचा दिवा कुठं हाय?” विकणारा हसून म्हणाला, “लागतच नाही उस्ताद, इतकी मस्त गाडी हाय.” उस्ताद पुढे वाकला. पेचकस काढून त्यानं समोरचं काचेचं झाकण उघडलं आणि आतलं रिकामं भोक दाखवलं. बल्बच काढून ठेवलेला. परत येताना मला म्हणाला, “लागलेल्या दिव्याले भ्याचं नाही, मास्तर. थो बिचारा सांगून तं राह्यला. जो लागतच नाही, त्याच्यावर नजर ठेवा.” पुढे महिनाभर हिंडून त्याच्या पसंतीची दुसरी गाडी मिळाली, तेव्हा तिचे दिवे त्यानं तीनदा मोजले.

कापसाची ती वाईट वर्षं होती. कशावर भरवसा ठेवावा हेच कळत नव्हतं. बियाण्याची पाकिटं बोगस निघत, फवारणीचं औषध पाण्यासारखं निघे, कापसाच्या गाडीत हात घालून भाव पाडणाऱ्याचा हात खरा की खोटा तेही कळत नसे. उस्ताद स्पेअर पार्टच्या खोक्यावरचा चमकणारा स्टिकर नखानं खरवडून असली की नकली सांगतो, ही गोष्ट खेड्यापाड्यांत पोचली आणि मृगाच्या आधी लोक चक्क बियाण्याची पाकिटं घेऊन त्याच्या गॅरेजात यायला लागले. तोही इंजिन सोडून पाकीट हातात घ्यायचा, उन्हात धरायचा, नख मारायचा, वास घ्यायचा. निकाल नेहमी एकच, “स्टिकर असली हाय. आत काय हाय, थे अल्लाले मालूम.”

माझा थोरला भाऊ गावाकडे शेती पाहायचा. त्यानंही एका वर्षी पाकीट दाखवून नेलं. त्या वर्षी आमच्या शेतात पऱ्हाटी छातीएवढी वाढली आणि झाडाला दहा बोंडंही धरली नाहीत. दादाला उस्तादच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा लक्षात राहिला. “तुह्या उस्तादनं असली म्हनून सांगतलं होतं,” असं तो मला पुढे कितीतरी दिवस ऐकवत होता. दुकानदारावर, कंपनीवर, खरेदी केंद्रावर त्याचा राग होताच. त्या रांगेत उस्तादही जाऊन बसला.

उस्ताद एखादा पार्ट बदलला की जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा. “घरी न्या. पाहा. कोनाले दाखवाचा त्याले दाखवा.” जुन्या गंजक्या लोखंडाचं मी काय करू, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाला, “मी बदललाच नाही, असं उद्या तुमी म्हनलं तं?” माझ्या घरी माळ्यावर अशा पुड्यांचा ढीग साचला होता. बायको म्हणायची, निम्मी गाडी घरातच आहे. पण एक गोष्ट मात्र तो कधीच द्यायचा नाही. कशामुळे काय झालं, हे तो समजावून सांगत नसे. एका माणसाला त्यानं सगळं समजावून सांगितलं होतं आणि त्या माणसानं बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. तेव्हापासून कोणी ‘काहून’ विचारलं की उस्ताद हातातला पाना खाली ठेवायचा आणि विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहायचा.

आता जे झालं ते सांगतो. आईच्या गळ्यात गाठ निघाली. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पंचवीस शेक द्यायचं ठरलं. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. मधे खंड पडता कामा नये, खंड पडला तर आधीचं केलेलं वाया जाईल, असं डॉक्टरांनी दोन वेळा बजावलं. उन्हाळ्याची सुटी होती, गाडी होती, म्हणून रोज सकाळी आईला घेऊन मी निघायचो आणि दुपारपर्यंत परत यायचो. बाराएक शेक सुरळीत झाले आणि एके दिवशी येताना डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला.

आई पुढच्या सीटवर बसायची. तिच्या नजरेसमोरच तो दिवा. “बापू, हे काय लागलं?” मी म्हटलं काही नाही. पण ती सबंध रस्ताभर त्या दिव्याकडे पाहत राहिली. तिच्या गळ्याच्या फोटोतही डॉक्टरांनी अशीच एक पिवळट खूण बोट ठेवून दाखवली होती. ती मनात काय जोडत होती ते मला कळत होतं.

त्याच संध्याकाळी गाडी उस्तादकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनसमोरचा पंखा गरगर फिरत होता तो बराच वेळ पाहिला, एक वायर हलवली आणि म्हणाला, “सेंसर गेला. नागपूरहून बलवा लागते. आठ-दहा दिवस लागन.”

“पण मला तर रोज वर्ध्याला जायचं आहे.”

“जा ना. दिवा लागून राहू द्या, मास्तर. दिवा लागला हाय तंवर बिनधास्त चालवा. ज्या दिवशी थो आपोआप विझन, त्या दिवशी गाडी जागच्या जागी उभी करा अन् मले फोन लावा.”

मला वाटलं मी उलटं ऐकलं. धोक्याचा दिवा लागला असताना गाडी चालवायची आणि विझला की थांबायचं? मी विचारलं, “काहून?” त्यानं पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “तुमी पोरं शिकवा, मास्तर.”

खरं सांगतो, त्या दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. समोरच्या गॅरेजवाल्यानं रस्ता ओलांडून येऊन त्यात तेल ओतलं, “उस्तादचे दिवस खराब हाय, सर. दिवा लागून राहीन तं तुमी येत राहान.” त्या वर्षांत आम्ही सगळेच एकमेकांच्या हाताकडे पाहत होतो. मी रोज पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारा माणूस, पण बारा वर्षं माझी गाडी सांभाळणाऱ्या माणसावर संशय घ्यायला मला एक संध्याकाळ पुरली.

इकडे आईचं वेगळंच. तेराव्या शेकाला ती डोळे मिटून बसली. चौदाव्याला दिव्यावर रुमाल टाकला. पंधराव्या दिवशी गाडीतून उतरता उतरता म्हणाली, “उद्या मी येत नाही. दिवा लागलेल्या गाडीत मी नाही बसत. माह्या जिवाची एक काळजी पुरे हाय मले.” मी समजावलं, रागावलो, एसटीनं जाऊ म्हटलं. मे महिन्यात एसटीतून त्या भाजलेल्या गळ्यानं ती कशी जाणार होती? मधे खंड पडायला नको, एवढं एकच डोक्यात होतं.

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सरांचा भाचा पुण्यात मोटारींच्या कारखान्यात होता. त्यानं फोनवर उपाय सांगितला. अगदी सोपा. बॅटरीचं काळं टोक काढा, वीस मिनिटं तसंच ठेवा, परत लावा. गाडी जुनं सगळं विसरते, दिवाही विसरते. मी अंगणात गाडी उभी केली, दहा नंबरचा पाना आणला आणि काळं टोक सैल करून बाजूला केलं. लक्ष्मीपूजनाला बसावं तसा वीस मिनिटं घड्याळ घेऊन गाडीसमोर बसलो. मग टोक परत आवळलं आणि किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, इंजिन सुरू झालं आणि सगळे विझले. पिवळाही. शिवाय गाडी एकदम शांत झाली. इतके दिवस घरघर चालली होती ती थांबली. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. एवढ्याशा गोष्टीसाठी उस्ताद आठ-दहा दिवस लावत होता!

आईला म्हटलं, “माय, उस्तादनं दुरुस्त करून दिली.” मी केलं म्हटलं असतं तर ती बसली नसती. म्हणून उस्तादचं नाव घेतलं. गाव त्याच्यावर कितीही हसो, गाडीच्या बाबतीत त्याचं नाव चालायचं.

दुसऱ्या दिवशी सोळावा शेक झाला. येताना नदीवरच्या पुलाचं काम चाललं होतं, गाड्यांची लांब रांग. वरून ऊन आणि गाडी इंच इंच सरकत होती. तापमानाचा काटा पार खाली होता, म्हणून मी निवांत. पूल ओलांडून थोडं पुढे आलो आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मग खाटकन आवाज झाला आणि गाडी थांबली ती थांबलीच. आईला हाताला धरून मी एका कडुनिंबाखाली नेऊन बसवलं. तिला घोटभर पाणी गिळायलाही त्रास होत होता. पदरानं वारा घेत ती एवढंच म्हणाली, “उस्तादनं कालच केली ना रे दुरुस्त?” मी हो म्हटलं. ते हो मला आजही ऐकू येतं.

फोन केला तसा दादा गावातल्या एकाचा ट्रॅक्टर घेऊन आला. आईला तशा उन्हात बसलेली पाहून त्याचे डोळे लाल झाले. वाटेत तिनं त्यालाही तेच सांगितलं, उस्तादनं कालच दुरुस्त केली. आईला घरी सोडून गाडी दोरानं ओढत गॅरेजवर नेली तेव्हा तीन वाजले होते. बाजाराचा दिवस, रस्त्यावर ही गर्दी. दादा ट्रॅक्टरवरून उतरला तोच ओरडत. “माह्या मायले मारतं का रे तू? बियानं असली सांगतलं, वावर गेलं. आता गाडी दुरुस्त केली सांगतलं, माय गेली असती!” माणसं जमली. समोरच्या गॅरेजातलेही बाहेर आले.

उस्ताद गाडीत जाऊन बसला, किल्ली अर्धी फिरवली आणि समोर पाहत राहिला. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. परत समोर पाहिलं. बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजलं. आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. बाहेर आल्यावर टोपी नीट करून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “गलती माही हाय, भाऊ. गाडी मी बनवून देतो.”

गर्दीत कुजबुज झाली. बारा वर्षांत उस्तादच्या तोंडून चूक माझी, असं कोणी ऐकलं नव्हतं. म्हणजे खरीच असणार, असंच सगळ्यांना वाटलं. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. मी उघडलं नाही.

लोक गेल्यावर त्यानं मला आत टायरच्या ढिगामागे नेलं. “काल सांजच्या साडेसहाले बॅटरी काढली तुमी.” मी दचकलो. “गाडीच्या घड्याळात साडेआठ वाजून हाय, मास्तर. बॅटरी लावली की घड्याळ बारापासून चालू होते. मोजा तुमीच, एक चक्कर पुरा होऊन वर साडेआठ.” मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला समजावून सांगितलं. इंजिन किती तापलं हे सांगणारा सेन्सर खोटं सांगायला लागला होता. गाडीला ते कळलं, म्हणून तिनं दिवा लावला आणि पंखा कायमचा चालू करून ठेवला. माझ्या अंगणात ती शांत झाली, ती तो पंखा थांबला म्हणून. “सेंसर मेला असता तं दिवा लगेच परत लागला असता. मेला नव्हता. झूट बोलून राह्यला होता. तुमी गाडीले सारं भुलवलं, तिनं त्याच्यावर परत भरोसा ठेवला अन् पंखा बंद केला. म्हनून म्हनलं होतं, दिवा विझला की थांबा.”

मला रडू आलं. म्हटलं, आत्ता जाऊन दादाला सांगतो. त्यानं माझा दंड धरला. “आज नोका सांगू. अम्माचे नऊ शेक बाकी हाय. तुमचा भाऊ तापून हाय. आज तुमी सांगान, उद्या दोघं भाऊ तोंड नाही पाह्यनार एकमेकाचं. मंग अम्माले वर्ध्याले कोन नेईन?”

“पण तुमचं नाव?”

“शेक होऊ द्या. मंग सांगा. मी कुठं जाऊन राह्यलो?”

नऊच्या नऊ दिवस तो आईला स्वतःच्या जुन्या जीपनं घेऊन गेला. माझी गाडी उघडून पडली होती. पहिल्या दिवशी आईनं जीपमध्ये पाय ठेवायच्या आधीच विचारलं, “दिवा तं नाही ना लागत याच्यात?” उस्ताद म्हणाला, “एकबी दिवा चालू नाही, अम्मा. सुखानं बसा.” तो कानानं गाडी चालवायचा. मधेच बोलणं थांबवून मान तिरपी करून ऐकायचा. आईही तशीच. तिनं स्वतःचं पाणी आणलं होतं, त्याच्या बाटलीला हात लावला नाही. त्यानं तिनं दिलेली शेवेची पुडी आधी हुंगून पाहिली. चार दिवसांत मात्र दोघांचं असं काही जमलं की मागे बसलेला मी दोघांच्याही खिजगणतीत नव्हतो. त्याची आई जिनिंगमध्ये सरकी वेचायला जायची, माझी आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून वाढलेली. कोणत्या सालचा कापूस हाताला कसा लागायचा, यावर दोघांचा वर्ध्यापर्यंतचा रस्ता सरायचा.

एकदा तिला वाटलं मला झोप लागली आहे. ती त्याला हळूच म्हणाली, “उस्ताद, चूक तं तुमची झाली. पन तुमी भरून देऊन राह्यले. असा मानूस मी नाही पाह्यला.” मी डोळे मिटून ऐकत होतो. वाटलं आता तो सांगेल. त्यानं गिअर बदलला आणि म्हणाला, “हौ अम्मा.” मी मागच्या सीटवर बसून मेल्याहून मेल्यासारखा झालो, आणि तरी डोळे उघडले नाहीत.

शेवटच्या दिवशी आईनं त्याला घरच्या कापसाची उशी शिवून दिली, जीपच्या सीटवर ठेवायला. त्यानं ती दाबून पाहिली, शिवणीतून एक पुंजका बाहेर ओढून उजेडात धरला. “कापूस असली हाय,” म्हणाला. आईला इतकं हसू आलं की तिला गळा धरून खाली बसावं लागलं. कितीतरी महिन्यांनी ती हसली होती.

शेक संपले. मग सांगायचं होतं. पण आई अशक्त होती, ती सावरू दे म्हटलं. मग दादाची पेरणी आली, मग शाळा उघडली. आज सांगू, उद्या सांगू. खरं कारण एवढंच की दादाच्या तोंडाला तोंड द्यायची मला भीती वाटत होती, आणि न सांगितल्यानं माझं काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते उस्तादचं. मास्तरच्या गाडीचं इंजिन जाळलं, मास्तरची आई उन्हात मरत होती, ही गोष्ट बाजारातून खेड्याखेड्यांत गेली. बियाण्याची पाकिटं घेऊन येणारेही थांबले. रस्त्यानं जाताना मी पाहायचो. समोरच्या गॅरेजापुढे चार-चार गाड्या आणि इकडे उस्ताद खुर्चीवर बसून पाने पुसतोय. माझी गाडी त्यानं सांगितल्याप्रमाणे नीट करून दिली. जुना सेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. एका शब्दानं आठवण केली नाही.

दसऱ्यानंतर कळलं की तो गॅरेज बंद करून मुकुटबनला मुलीकडे चालला आहे. तेव्हा कुठे मला जाग आली. त्याच दिवशी गावी गेलो आणि दादाला सगळं सांगितलं. बॅटरी, वीस मिनिटं, आईशी बोललेलं खोटं, सगळं. दादा खाटेवर बसून ऐकत होता. सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, “त्यानं पाठवलं का तुले?” मी म्हटलं, अरे, मी केलंय. “मंग येवढे दिवस काहून नाही बोलला? आता थो गाव सोडून चालला तं तुले पाझर फुटला. तुले कोनीबी गुंडाळते.” मी पोटतिडकीनं शपथ घेतली. तो उठून बैलाला पाणी पाजायला गेला.

मग मी गावात येऊन चहाच्या टपरीवर, ज्या रस्त्यावर दादा ओरडला होता तिथेच, चार माणसांना बोलावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. समोरचा गॅरेजवालाही होता. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. “सर, तुमचं मन मोठं हाय. जाणाऱ्या मानसाची इज्जत ठेवून राह्यले.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला, “बॅटरी काढून कुठं दिवा विझते का?” घरी आईला सांगितलं. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “राहू दे बापू. मी त्याले कवाच माफ केलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवर गेलो. छोट्या टेम्पोत सामान चढत होतं. उस्ताद प्रत्येक पाना मोजून पेटीत ठेवत होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “उस्ताद, मी सांगितलं. दादाला, टपरीवर, आईला. सगळ्यांना सांगितलं. कोणी मानत नाही.” आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की या माणसासमोर हे म्हणणं किती हास्यास्पद आहे. मी सांगितलं याला पुरावा काय? पाच महिने गप्प बसलेला माणूस, आता गाडी निघायच्या वेळी येऊन म्हणतो मी सांगितलं. मी घाईघाईनं म्हटलं, “टपरीवर चला. त्यांना विचारा.”

उस्ताद पेटीचं झाकण लावत होता. “कोनाले कायले इचारू?” तो म्हणाला. “तुमी म्हनता सांगतलं, तं सांगतलंच असन.”

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, सोडला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. टेम्पो वळला आणि मुकुटबनच्या रस्त्याला लागला. मी तिथेच भररस्त्यात उभा राहून रडायला लागलो. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा एकुलता एक माणूस मी माझ्या हातानं गावातून घालवला होता. पलीकडे पानठेल्यावर दोघंतिघं उभे होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मी एवढा कशासाठी रडतोय, याचा विचार करत माझ्याकडे पाहत राहिले.